हाकेएवढी जमीन

मागच्या महिन्यात अमरावतीहून आमच्या जुन्या घरमालकांच्या मुलीचा फोन आला. रिसोडला पोस्टात होतो तेव्हा आम्ही तिच्या आईवडिलांकडे सात वर्षं भाड्याने राहिलो. तिच्या लग्नात पंगतीला वरण वाढायला मी होतो आणि नवरदेवाच्या मामाच्या धोतरावर ते मीच सांडलं होतं. आता तिचा मुलगा दहावीला आहे. ती म्हणाली, बाबांचं जऊळक्याजवळचं वावर विकायला काढायचं ठरलं आहे, आणि तुम्ही रिटायर झाल्यावर गावाकडे राहायला यायचं म्हणत होतात, तेव्हा परक्याला सांगण्याआधी तुमच्या कानावर घालते. मग विचारलं, "दादा, पाची एकर घेता, का इहिरीकडचं अर्धंच देऊ?"

मी आठ दिवसांची मुदत मागितली. जमीन किती घ्यावी हे ज्याच्या घरी कुंडीभर माती नाही तोसुद्धा खात्रीने सांगू शकतो, हे मला त्या आठ दिवसांत कळलं. पोस्टातले एक जुने सोबती म्हणाले, दोन माणसांना एक एकर रगड झाली, त्यापुढे माणूस जमिनीचा गडी होतो. मेहुणे म्हणाले, दहा एकरांखाली शेती नसतेच, ती कुंड्यांची हौस. पुण्याच्या मुलाने फोनवर काहीतरी हिशेब सांगितला, तो मला समजला नाही आणि त्यालाही समजला नसावा. चौथ्या दिवशी चहा गाळता गाळता बायको म्हणाली, "काका असते तर त्यांनी आधी मला वावरात उभं करून हाक मारायला लावली असती."

मग तो चहा तसाच निवला.

काका म्हणजे तेच आमचे घरमालक. एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर. रिसोडात ड्रायव्हर पुष्कळ, पण 'डायवरसाहेब कुठं राहतात' म्हणून विचारलं की लोक याच घराकडे बोट दाखवत. अंगाने बुटके, रुंद, आणि उजवा हात डाव्यापेक्षा चांगला दोन छटा काळा, कारण तो हात बत्तीस वर्षं खिडकीच्या उन्हात होता. हा हात सरकारचा आणि हा घरचा, असं ते नव्या माणसाला दाखवून सांगत. जेवत मात्र सरकारी हाताने.

ओसरीत त्यांची खुर्ची होती, तिचं तोंड भिंतीकडे. दाराकडे पाठ. समोरच्या खिळ्याला एक लांबट आरसा, गाडीला असतो तसला. आलेला माणूस आरशात दिसे आणि काका त्या आरशाशीच बोलत. मी पहिल्यांदा सामान घेऊन गेलो तेव्हा त्यांनी मान न वळवता 'चपला बाहेर ठेवा, पोस्टमास्तर' म्हणून सांगितलं, आणि मला वाटलं हा माणूस अंतर्ज्ञानी असावा. मी पोस्टमास्तर नव्हतो, साधा क्लार्क होतो. हे मी त्यांना सात वर्षं सांगत राहिलो आणि ते सात वर्षं मास्तरच म्हणत राहिले. आरशाचं कारण विचारलं तर म्हणायचे, समोरचं काय, आंधळा सोडून सगळ्यांनाच दिसतं. मागून कोण येतं ते दिसलं पाहिजे. शर्टाच्या खिशातही एक कंगवा आणि रुपयाच्या दीडपट असेल एवढा गोल आरसा कायम असे. डोक्यावर केस मोजून शंभर नसतील, पण कंगवा कधी घरी राहिला नाही.

आणि ती त्यांची डबल बेल. कंडक्टरने दोनदा घंटी दिल्याशिवाय एसटीचा ड्रायव्हर गाडी हलवत नाही. काकांनी नोकरी सोडली, हा नियम सोडला नाही. त्यांची एक जुनी स्कूटर होती. किक मारून ते हँडल धरून बसून राहत. काकू मागे बसत, पदर आवरत, पिशवी मांडीवर घेत आणि मग दोन बोटांनी त्यांच्या पाठीवर टकटक करत. तेव्हा कुठे स्कूटर हले. एकदा काकू रुसल्या होत्या. मागे बसल्या, पण टकटक करेनात. स्कूटर दारात सुरूच. गल्लीत धूर झाला, शेजारच्या म्हातारीला खोकल्याची उबळ आली, शेवटी तिनेच येऊन काकूंना हात जोडले. काकूंनी टकटक केली आणि दोघं काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बाजाराला गेले.

वाशीम, मालेगाव, शेलूबाजार, या रस्त्यांवरचं कुठलं वावर कसं आहे हे काकांना तलाठ्यापेक्षा जास्त पाठ होतं. कुठे पाणी साचतं, कुठल्या वळणावरचं सोयाबीन आधी पिवळं पडतं, कोण दरवर्षी पेरायला उशीर करतो आणि मग पावसाला शिव्या देतो. सगळं ड्रायव्हरच्या सीटवरून पाहिलेलं. पाय मात्र एकाही वावरात पडलेला नाही. मधेच गाडी थांबवून उतरणार कोण? रिटायर झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की आता आपण खाली उतरणार. रिसोडचं घर मुलीला ठेवायचं, वावर घ्यायचं, तिथेच दोन खोल्या बांधून राहायचं.

काकूंना जमीन त्यांच्यापेक्षा जास्त हवी होती, पण त्या तसं कधी म्हणत नसत. रिसोडच्या कडेला त्यांच्या माहेरचा मळा होता. लहानपण सगळं वांगी, मेथी आणि सांबारात गेलेलं. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. भाऊबंदांत मळ्याचे प्लॉट पडले आणि सांबाराच्या वाफ्यावर आता फर्निचरचं दुकान आहे. काकू बाजाराला जाताना त्या दुकानासमोरून कधी जात नसत, मागच्या गल्लीने वळसा घालून जात. घरी तेलाच्या रिकाम्या डब्यांत त्यांनी अकरा झाडं लावली होती. संध्याकाळी डब्यांपुढे बसून त्या मातीत बोटं घालून ठेवत. काही करत नसत, नुसती बोटं आत ठेवून बसत. मला ते पाहून का कोण जाणे घरात जावंसं वाटे.

दर रविवारी ही दोघं वावर पाहायला जात, लोक मुलगी पाहायला जातात तशी. शेलूबाजारचे एक भाई होते, जीप चालवत आणि जमिनीचे सौदेही जमवत. भाई जमीन दाखवत. काकू चिमूटभर माती उचलून हुंगत. मग जिथे घर बांधता येईल तिथे त्या उभ्या राहत आणि काका पाठ फिरवून चालू लागत. काकू थोड्या थोड्या वेळाने हाक मारत. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, तेव्हा हाक एकच. अवोऽऽ. जिथे ती ऐकू येईनाशी होई तिथे काका थांबत, चपलेच्या टाचेने मातीत रेघ ओढत आणि म्हणत, इथलोक आपली. रेघेपलीकडे सोनं उगवत असलं तरी ते दुसऱ्याचं. भाई डोक्याला हात लावत. जमीन एकराने मोजतात, टेपने मोजतात, बायकोच्या आवाजाने मोजलेली आपण बापजन्मात पाहिली नाही, असं ते पोस्टात येऊन मला ऐकवून जात. मी एकदा काकांना म्हटलं, आता मोबाइल आहेत, आवाज कशाला पोचायला हवा? काका आरशातल्या मला म्हणाले, "मोबाइल खिशात रायते, मास्तर, अन् मानूस धुऱ्यावर पडून रायते."

धुरा म्हणजे वावराचा बांध. बाकीचा अर्थ काकूंनी पुढे सांगितला. काकांच्या वडिलांची घराला लागून चार एकर होती. त्यावर घर चाललं होतं. मग टेकडीपलीकडची सहा एकर स्वस्तात मिळते म्हणून त्यांनी घेतली. एका वैशाखात तिथली विहीर साफ करायला एकटेच गेले, पायरी निसटली आणि आत पडले. पाणी नव्हतं, पण मांडी मोडली. ते हाका मारत राहिले. इकडे घरी भाकऱ्या झाल्या म्हणून काकांची आई दारात उभी राहून हाका मारत होती. टेकडी मधे. शेळ्या चारणाऱ्या कोणाला तरी संध्याकाळी ते सापडले, पण वाचले नाहीत. काका तेव्हा नऊ वर्षांचे होते आणि आईचा पदर धरून तिच्याजवळच उभे होते. आईची प्रत्येक हाक त्यांनी ऐकली होती.

हे कळल्यावर मी त्यांच्या रेघेवर हसणं बंद केलं.

पहिल्या वर्षी काकूंची हाक आठ एकरांपर्यंत पोचली होती म्हणे. तेव्हा विहिरीचं पाणी मचूळ निघालं म्हणून ती जमीन सोडली. दुसऱ्या वर्षी काका सहा म्हणू लागले. मग चार. रिसोडात चेष्टा सुरू झाली. पानठेल्यावर लोक विचारत, डायवरसाहेब, यंदा किती? काका म्हणत, तीन. पुढच्या वर्षी, दोन. लोकांना वाटे भाव वाढले, म्हाताऱ्याची ऐपत कमी पडते आणि हाकेचं निमित्त सांगतो. भाई म्हणाले, असंच चाललं तर साहेबांना मी तुळशीवृंदावन विकून मोकळा होईन.

एका रविवारी मीही त्यांच्यासोबत गेलो. शेलूबाजारच्या अलीकडचं उघडं वावर, नुकतीच कापणी झालेली. मी काकांच्या बाजूने चालत होतो. मागून काकूंची हाक आली, स्वच्छ. काका चालत राहिले. आणखी थोडं गेलो. पुन्हा हाक आली, बाभळीवरचे होले उडाले. काका थांबले, टाचेने रेघ ओढली आणि म्हणाले, संपलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तेवढ्यात तिसरी हाक आली, मला दुसरीइतकीच नीट ऐकू आली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. बत्तीस वर्षं त्या जुन्या गाड्यांचं इंजिन त्यांच्या डाव्या गुडघ्याशी धडधडत होतं. कान कधीचे गेले होते. आमच्याशी ते, त्यांच्याही नकळत, आरशात ओठ पाहून बोलत होते आणि आम्हाला ती लहर वाटत होती.

मी काही बोलणार इतक्यात त्यांनीच माझा दंड धरला. आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, काकूले बोलू नका. तिचा आवाज जाऊन राह्यला. पयल्या साली केवढा होता. मले भेव वाट्टे, आतून काई बिमारी असन. तिले दुख होईन म्हनून मी जमीनच कमी सांगतो."

मी मान हलवली.

त्याच संध्याकाळी अंगणात मेथी निवडता निवडता काकू मला म्हणाल्या, "तुमच्या ध्यानात आलं ना? त्याईचे कान गेले. सांगू नका. डायवरले असं म्हन्लं त त्याले वाट्टे गाडीच हातातून गेली. मी घसा फाटेस्तोर वरडते, मास्तर. पन जमीन दर साली आटूनच राह्यली. अशानं शेवटी मले हे डबेच उरतीन."

असे दोघांचे दोन निरोप माझ्या पोटात. ज्याच्या पोटात तीळ भिजत नाही अशा माणसाच्या. तेव्हाच दोघांना समोरासमोर बसवून सांगून टाकलं असतं तर गुंता सुटला असता, असं आज वाटतं. तेव्हा जीभ रेटली नाही. बायकोला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही मधे पडू नका, काकू पाहून घेतील.

त्या मार्गशीर्षात भाईंनी जऊळक्याजवळचं वावर शोधून काढलं आणि ते पाहायला मीही सोबत गेलो. मालक म्हातारा, मुलाकडे नाशकाला निघालेला. पाच एकर सलग, एका टोकाला विहीर, दुसऱ्या टोकाला नाला. तोडून द्यायला तो तयार नव्हता. घ्यायची तर पाच, नाहीतर चहा घेऊन निघा, असं त्याने आल्या आल्या सांगितलं. काकांच्या हिशेबाने हाक तोवर दीड एकरावर आली होती. म्हणजे नकार ठरलेलाच. काकूंनी विहिरीजवळची माती उचलली, हुंगली. नेहमी हुंगून झाल्यावर टाकून देत. त्या दिवशी टाकली नाही, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

सगळ्या वावरात तूर उभी होती, डोक्यावर हातभर जाईल अशी. काका धुऱ्यावरून चालायला निघाले. काकूंनी मला मागे ओढलं आणि हळूच म्हणाल्या, "तुमी त्याईच्या संगं राहा. तुमी मांगं पाहू नका, त्याईलेबी पाहू देऊ नका." वाकून त्यांनी चपला काढल्या, लुगड्याचा ओचा खोचला आणि तुरीत शिरल्या.

मी काकांना गाठलं. पहिली हाक आली. दुसरी आली. आम्ही एक एकर चाललो, दोन चाललो, हाक तेवढीच मोठी. तुरीच्या ओळींमधून मागेमागे येणारी काकूंची चाहूल मला स्पष्ट ऐकू येत होती, वाळका पाला मोडत होता, एकदा काटा लागल्याचा हुंकारही ऐकू आला. मी मोठ्याने हवापाण्याच्या गप्पा मारत होतो. ते सगळं काकांना ऐकू येत नाही याचं मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मधेच काका थांबले. खिशातून कंगवा आणि तो गोल आरसा काढला आणि भर उन्हात, धुऱ्यावर उभं राहून, आरसा जरा इकडे जरा तिकडे धरत, डोक्यावरच्या त्या शंभर केसांचा भांग पाडला. मी मनात म्हटलं, या माणसाला वेळकाळ नाही. भांग पाडून झाला आणि ते पुढे चालू लागले, पहिल्यापेक्षा जरा सावकाश.

नाल्याशी पोचलो तेव्हा शेवटची हाक आली. चाळीस पावलांवरून असेल. काका नाल्याकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. रेघ ओढली नाही. "तिचा आवाज वापस आला, मास्तर," ते म्हणाले. "पाची एकर आपली."

मग ते काठावर बसले. चपला काढून त्यांतली माती झटकली, पुन्हा घातल्या, पुन्हा काढल्या, जऊळक्याकडे जाणारी मालगाडी डब्यांसकट सगळी पाहून घेतली. मला घाई झाली होती, त्यांना नव्हती. परत आलो तेव्हा काकू विहिरीच्या काठाला टेकून उभ्या होत्या. पायावर ओरखडे, पदराला कुसळं, छाती वरखाली होत होती. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि फक्त पाणी पे म्हणाले.

त्या दोघांनी तिथे दोन खोल्या बांधल्या. मग माझी बदली नागपूरला झाली, तरी वर्षातून एकदा आम्ही जात असू. विहिरीजवळ काकूंचे वाफे होते, वांगी, मेथी, पालक, आणि सगळ्यात पुढे सांबार. शेलूबाजारच्या आठवडी बाजारात त्या स्वतः जुड्या घेऊन बसत. ती अकरा झाडं डब्यांतून जमिनीत आली होती आणि घराइतकी झाली होती. काकू आता बोटं मातीत घालून नुसत्या बसत नसत, तेवढी फुरसत नव्हती. त्यांना इतकं खुशीत मी रिसोडात कधी पाहिलं नाही.

तिथे एका दुपारी मी पाहिलं. काका दूर नाल्याशी होते. काकूंनी शेवटची भाकरी तव्यावरून उतरवली, हात पुसले आणि अनवाणी निघाल्या. सोयाबीन गुडघ्याएवढं होतं, लपायला जागा नाही, तेव्हा त्या कडेच्या बाभळींच्या आडून गेल्या. पार पलीकडे जाऊन, झाडामागे उभं राहून हाक मारली. अवोऽऽ. आणि आल्या वाटेने लगबगीने परत. काका येऊन पोचेपर्यंत त्या चुलीपुढे बसलेल्या. हे रोज. पावसात चिखल, वैशाखात फुफाटा, तरी रोज. गुडघे दुखत नाहीत का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "हाक पोचली पायजे ना, मास्तर. कशी पोचली ते कोन इचारते?" काका मात्र येताना उगाच रेंगाळत. एक गवताची काडी उपटायला पाच मिनिटं.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. चार दिवसांचा ताप काय आणि माणूस नाही काय. मी पंधरा दिवसांनी गेलो. काका विहिरीजवळ बसले होते. वाफ्यातला सांबार फुलावर आला होता, कोणी तोडला नव्हता. मग मला ते पोटातलं सहन होईना आणि मी सगळं सांगून टाकलं, अगदी कानाशी तोंड नेऊन. त्या दिवशी काकू विहिरीपाशी नव्हत्याच, तुरीतून तुमच्या मागेमागे येत होत्या. आणि रोज दुपारी बाभळींच्या आडून.

काकांनी ऐकून घेतलं. मग शर्टाच्या खिशातून तो गोल आरसा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"बत्तीस साल मांगचं पाहून गाडी चालवली मी," ते म्हणाले. "तुरीचे शेंडे हालत होते. माह्या मांगं, सरळ रेघीत. हवा नोती."

म्हणजे तो भांग. मग पाच एकर कशी घेतली, असं मी विचारलं.

"तिच्या हाकेनं पाखरं उडत होते, अन् मले बारीकच ऐकू येत होतं. आवाज तिचा गेला नाई, कान माहे गेले, हे मले तवाच समजलं. लय बरं वाटलं, मास्तर. तिले काई झालं नोतं." मग म्हणाले, "अन् जे बाई चपला काहाडून काट्याकुट्यातून पाच एकर मांगं येते, तिच्यासाठी जमीन म्या काय मोजाव?"

रोज दुपारी बाभळींमागे ती दिसायची, असंही त्यांनी सांगितलं. तिला घरी पोचायला वेळ मिळावा म्हणून ते हळू चालायचे. बारा वर्षं. दोघांनीही एकमेकांना कधी कळू दिलं नाही. मग नाल्याच्या दिशेला हात करून ते म्हणाले, "आताबी जातो तथी, सकाऊन. पन वापस कधी याचं, हेच समजत नाई."

संध्याकाळच्या गाडीसाठी मला स्टेशनवर सोडतो म्हणाले. तीच स्कूटर. किक मारली, मी मागे बसलो. स्कूटर सुरू होती, काका हँडल धरून समोर पाहत होते आणि गाडी हलेना. मला वाटलं इंजिन गार असेल, तापू देत असतील. मग त्यांची पाठ पाहिली. ती ताठ होती, वाट पाहत होती. हे काम माझं नव्हतं. तरी दोन बोटांनी त्यांच्या पाठीवर दोनदा टकटक केली. स्कूटर निघाली.

तेही मागच्या पावसाळ्यात गेले.

आठव्या दिवशी आम्ही वावर पाहायला गेलो. भाईच घेऊन आले, आता दाढीला मेंदी लावतात, जीप मात्र तीच. मार्गशीर्षच होता आणि बटाईवाल्याने पुन्हा तूरच पेरली होती. बायको विहिरीजवळच्या दगडावर डबा घेऊन बसली. मी तिला हाक मारायला वगैरे सांगितलं नाही. ते या वयात शोभलं नसतं, आणि मला भीतीही वाटत होती. जरा पाय मोकळे करून येतो म्हणालो आणि धुऱ्यावरून नाल्यापर्यंत गेलो. काठावर बसलो. काका बसले होते तिथेच असेन. एक गाडी गेली. खूप शांत होतं. मागे वळून तुरीकडे पाहिलं, एकही शेंडा हलत नव्हता. मला त्या दोघांची इतकी आठवण आली की तिथून उठवेना.

परत आलो तेव्हा पोळ्या गार झाल्या होत्या.

"तीनदा आवाज दिला," बायको म्हणाली. "ऐकू नाही आला?"

एकदाही आला नव्हता. पोस्टात कुठे इंजिन होतं की त्याला दोष द्यावा? मी डब्यातल्या भाजीकडे पाहत म्हणालो, "आला ना. गाडी पाहत बसलो होतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. सात वर्षं ती त्याच अंगणात राहिली होती, काकूंजवळ बसून तिनेही मेथी निवडली होती. जेवण झाल्यावर तिने डबा बंद केला, वाकून सँडल काढून दगडावर ठेवले आणि म्हणाली, मलाही तो नाला पाहायचा आहे, तुम्ही व्हा पुढे.

मी धुऱ्यावर जाऊन उभा राहिलो. पुढे व्हायचं सुचेना. तेवढ्यात पाठीवर दोन बोटांनी दोनदा टकटक झाली.

नाल्यापर्यंत मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. संध्याकाळी अमरावतीला फोन लावला आणि सांगितलं, पाचही एकर.